फातुलाउची चटई

फातुलाउच्या चढावर जीप दोनदा बंद पडली आणि ओलांडिनाला वाटलं, तिसऱ्यांदा कायमचीच पडावी. राजधानी डिलीहून निघालेल्या, नव्या देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या समितीबरोबर ती दुभाषी म्हणून हिंडत होती. गावोगाव तेच चाललं होतं. समितीचे सेन्योर वेनान्सियु पोर्तुगीजमध्ये चार शब्द बोलत, ती ते गावाच्या बोलीत सांगे, लोक ऐकून घेत, आणि गावाचं मत घेतलं असं ठरून जीप पुढे निघे. पण फातुलाउ तिच्या आईचं गाव होतं.

"जेवणाआधी आटपायचं," वेनान्सियु म्हणाले. "खाली अजून एक गाव आहे. आणि तुझ्या संसदेतल्या नोकरीचं मी बोललोय बरं का. कायमची जागा. फक्त आतापर्यंत केलंस तसंच सुटसुटीत सांगत जा."

गावाच्या देवघरासमोरच्या मोकळ्या जागेत लोकांनी मोठी चटई पसरली होती. कडेला पाहुण्यांसाठी प्लास्टिकची खुर्ची. चटईच्या मधोमध म्हातारा माउ-लेकी बसला होता. भांडण असो की सोयरीक, गावातलं बोलणं त्याच्यापासून सुरू व्हायचं आणि त्याच्यापाशीच संपायचं.

चटई पाहून वेनान्सियु विरघळले. "खुर्ची कशाला? मी इथलाच आहे!" ते म्हणाले. बूट काढले, मांडी घातली, माउ-लेकीनं पुढे केलेली पान-सुपारी तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. लहानपणीच त्यांना लिस्बनला धाडलं होतं. चटईचं चित्र त्यांच्या डोक्यात राहिलं होतं, नियम मात्र ते विसरले होते. चटईवर पान खाल्लेल्यानं खोटं बोलायचं नाही, आणि म्हातारा चटई गुंडाळेपर्यंत उठायचं नाही.

इतर गावांत ओलांडिना हळूच म्हणायची, "सेन्योर, खुर्चीच बरी." आज ती काही बोलली नाही. मसुद्याची जाड प्रत मांडीवर घेऊन तीही बसली. तिनंही पान खाल्लं.

"काय गं," तिची मावशी बिलो समोरून ओरडली, "किती वाळलीस! डिलीत जेवायला घालतात की नुसती भाषांतरं करायला लावतात?"

हशा पिकला. माउ-लेकीनं हात वर केला. "पोरी, पाहुण्यांना एकच विचार. हा मका अजून चुलीवर आहे, की ताटात वाढून झालाय? आम्ही मीठ घाला म्हटलं, तर घालता येईल का?"

तिनं विचारलं. वेनान्सियु म्हाताऱ्याकडे बघून छान हसले आणि पोर्तुगीजमध्ये म्हणाले, "मसुदा परवाच छापायला गेलाय. ते सांगू नकोस. म्हणावं, तुमचं मत आम्हाला फार मोलाचं आहे."

ओलांडिनाच्या तोंडात पानाचा रस तुरट झाला. डिलीतली खोली आठवली, छपराऐवजी ताडपत्री असलेली. पावसाळ्याआधी पत्रे घालायचे होते. मग तिनं समोर पाहिलं. तिला न्हाऊमाखू घातलेली माणसं होती ती.

"ते म्हणतात, मसुदा छापायला गेला," ती मोठ्यानं म्हणाली. "हे तुम्हाला सांगू नको, असंही म्हणाले. तुमचं मत मोलाचं आहे, हे मात्र सांग म्हणाले."

मग बिलो म्हणाली, "एवढं मोलाचं, तर त्याच्याशिवाय चाललं कसं?"

लोकांच्या हसण्यावरून वेनान्सियुंना कळलं. "तू काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही म्हणालात ते. सगळं."

ते ताडकन उठले. चटईभर कुजबुज झाली. ओलांडिनानं त्यांना नियम सांगितला; आधी का नाही सांगितला, तेही सांगितलं. "आज तुम्ही बसायला हवे होतात म्हणून."

माउ-लेकी चिडला नाही. "जाऊ दे त्यांना. धरून बसवायला आम्ही काय शिपाई आहोत? शिपाई आम्ही पुष्कळ पाहिले. पण चटई मी गुंडाळणार नाही."

"तुझी जागा गेली समज," बूट चढवत वेनान्सियु म्हणाले. "प्रत दे इकडे. समितीची आहे ती."

"आणि घटना कुणाची आहे?" ओलांडिनानं प्रत छातीशी धरली. "घ्या हिसकावून. सगळे बघतायत."

त्यांनी हिसकावली नाही. जीप धूळ उडवत खाली गेली.

ओलांडिना वाचू लागली. पहिल्याच वाक्यात अडली. 'सार्वभौम'ला बोलीत शब्द नव्हता. "ज्याच्या डोक्यावर कोणी नाही असं," तिनं सांगितलं.

"मग ही माणसं आपल्या डोक्यावर उभी राहून कशी बोलतात?" बिलो म्हणाली.

एक जण म्हणाला, "शिपायांनी गाव पेटवलं तेव्हा जमिनीचे कागद जळाले. तशा जमिनीचं काय लिहिलंय?"

तिनं पानं उलटली, पुन्हा उलटली. "काहीच नाही."

"तर मग तिथे थांब," माउ-लेकी म्हणाला. "तिथे आपल्याला बोलायचंय."

ते तावातावानं बोलत होते, भांडत होते, तोवर तिकडे खालच्या गावात बातमी पायवाटेनं पोचलीसुद्धा. जीपचा रस्ता वळसे घेत जातो. खालच्या गावातल्या निम्म्या सुना फातुलाउच्या. तिथे वेनान्सियुंना पाणी मिळालं, खुर्ची मिळाली, समोर बसायला मात्र कोणी आलं नाही. "वर चटई उघडी टाकून आलात," तिथला म्हातारा म्हणाला. "ती मिटल्याशिवाय आम्ही तुमच्याशी काय बोलणार?"

उन्हं कलली तेव्हा जीप परत वर आली. वेनान्सियु चटईच्या कडेला उभे राहिले, बूट हातात घेऊन.

"छपाई थांबवणं माझ्या हातात नाही," ते म्हणाले. ओलांडिनानं ते जसंच्या तसं सांगितलं.

"आज पहिलं खरं बोलला," माउ-लेकी म्हणाला. "कुणाच्या हातात आहे, विचार."

वेनान्सियुंनी बूट खाली ठेवले. "समितीच्या अध्यक्षांच्या."

"मग जीप पाठवून त्यांनाही बोलवायचं. चटई मोठी आहे. ते येईपर्यंत ही अशीच राहील."

"पाऊस आला तर?"

"भिजेल," बिलो म्हणाली. "तुम्हीही भिजाल."

म्हाताऱ्यानं पुन्हा पान पुढे केलं. वेनान्सियुंनी ते हातात धरलं आणि ओलांडिनाकडे पाहिलं. "हे खाल्लं की उठता येत नाही ना?"

"नाही."

त्यांनी पान तोंडात टाकलं आणि खाली बसले. "कुठवर आलात?"

"जमिनीपर्यंत," ओलांडिना म्हणाली. "पण तुम्ही नव्हतात." तिनं प्रत पुन्हा पहिल्या पानावर उघडली.