राखेत निवलेली कातर

मी एक जुनी कातर आहे, मित्रांनो. जत तालुक्यात एका पत्र्याच्या छपरात खिळ्याला टांगलेली. माझी चमक बघून फसू नका. आता माझ्याच्यानं ओलं फडकंही धड कापवत नाही.

मिरजेच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथं ऑपरेशनची हत्यारं बनत. तुमचं जेवणाचं ताट आणि मी, दोघं स्टेनलेसच, पण ताट तापवून कितीदाही तेलात बुडवा, ते कडक होणार नाही. माझ्या पोलादात क्रोमियमच्या जोडीला कार्बन जास्त. मला लालबुंद तापवून तेलात बुडवलं तेव्हा मी कडक झाले. मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेतानं शेकलं. डॉक्टरची सुरी, धरणावरच्या टर्बाईनची पाती, हे माझे भाऊबंद. लोहचुंबक आम्हाला चटकन चिकटतो. मात्र गंजाच्या बाबतीत ताट आमच्यापेक्षा सरस, हे कबूल करते.

मला विकत घेतलं धुळाआबांनी. मेंढरं कातरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. बिरोबाच्या देवळामागं कातरणी भरली की देवाच्या मेंढ्याला पहिली कातर आबांची, हा त्यांचा मान. काम झालं की मेंढराच्या अंगचा खारट घाम ते माझ्यावरून पुसून काढत आणि तेलाचं बोट फिरवत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. सुखाचे दिवस होते ते.

एकदा कातरणीच्या आदल्या दिवशी आबा बाजारला गेले आणि मागं एक मेंढी लंगडायला लागली. सांध्याला डाग द्यायचा, ही आमच्याकडची रीत. डाग द्यायची लोखंडी सळई, डागणी, मेंढरांच्या मागच्या मुक्कामावर विसरलेली. आबांच्या मुलानं, पप्पूनं, मलाच निखाऱ्यात खुपसलं. मी लाल झाले. मेंढीच्या सांध्याला मला टेकवलं तशी ती बें बें करत ओरडली, आणि पप्पूनं मला गरम राखेत टाकून दिलं. त्या राखेत मी सावकाश निवत गेले आणि माझा सगळा कडकपणा गेला. संध्याकाळी माझा काळानिळा रंग बघून पप्पू टरकला. वाळूनं घासून त्यानं मला लखलखीत केलं, दगडावर धार लावली आणि गुपचूप जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी देवाच्या मेंढ्यावर माझी धार लगेच मुडपली. लोकर तुटेना. आबांनी जोर केला आणि मेंढ्याच्या पोटाची कातडी फाटली. रक्त बघून माणसं पुढं सरकली.

"कातरीला काय तरी झालंय रं," आबा म्हणाले.

"नाचता यीना, अंगण वाकडं!" त्यांचा चुलतभाऊ बिराप्पा हसला. "धुळा, हात गेलं गड्या तुजं."

मग सगळेच हसले. कुणीतरी मोबाईलवर काढलं, ते अजून गावच्या ग्रुपवर फिरतं. आबांनी मुलाकडं बघितलं.

"पप्पू, तू तरी सांग. हिला कुनी हात लावला व्हता का?"

पप्पूला तोंड होतं, मला नव्हतं.

"न्हाई आबा," तो म्हणाला. "वय झालं तुमचं. बिराप्पातात्या म्हंत्यात ते खरं हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी. आबांचा मान त्याच दिवशी पप्पूला मिळाला आणि पुढच्या महिन्यात विजेवरचं कातरायचं मशीनही आलं. मी खिळ्यावर गेले.

यंदा चैत्रात पप्पूच्या बायकोला, सोनियाला, मुलगा झाला. आबांची बायको, सुलाबाई, बाळाला घेऊन त्यांच्यापुढं आली.

"आवं, घ्या की नातवाला."

आबांनी दोन्ही हात घोंगडीत ओढून घेतले. "नगं. हात गेल्यात माजं. पाडीन."

पप्पू तिथंच चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि मशीन पुसायला घेतलं.

मित्रांनो, धारेचं हत्यार विस्तवात घालू नका, ओलं ठेवू नका. पण माझं राहू द्या. जाणता कारागीर भेटला तर मी पुन्हा तापून, तेलात बुडून कडक होईन. आबांना तशी सोय नाही. कधी जतकडं आलात तर त्या म्हाताऱ्याला एवढंच सांगा, की तुमचे हात धड आहेत, कातर जळाली होती. आणि सांगून झालं की ते बाळ त्यांच्या हातात द्या.