साहेबांच्या केबिनची काच

ते साल एकोणीसशे बाहत्तर. त्या वर्षी आमच्या कापडगिरणीत युनियनची निवडणूक झाली आणि माझी ताई अध्यक्षपदाला उभी राहिली. मी तेव्हा विशीत होते आणि मला दोन्ही कानांनी छान ऐकू येत होतं.

अर्थात, मागाच्या खात्यात कान असून नसून सारखेच. एवढे माग एकदम चालायचे, लाकडी धोटे इकडून तिकडे आपटायचे, पायाखालची फरशी थरथरत राहायची. शेजारणीच्या कानात ओरडलं तरी शब्द पोचायचा नाही. म्हणून आम्ही बायका आवाजाशिवाय बोलायचो. ओठ मोठे हलवायचे, समोरचीने ते वाचायचे. नवी मुलगी आधी तुटलेला धागा जोडायला शिकायची आणि मग हे. चार माग पलीकडच्या मैत्रिणीशी सासूची उणीदुणी काढावीत, मधे उभ्या असलेल्या सुपरवायझरला पत्ता लागू नये, अशी ती सोय होती. सवय इतकी जडली की घरीही ताई आणि मी अशाच बोलायचो. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, दोन खोल्यांत आम्ही दोघीच. शेजारच्या काकूंची समजूत होती की या बहिणींचा कायमचा अबोला आहे.

आधीचे अध्यक्ष म्हणजे इस्त्रीभाऊ. नाव आम्हीच ठेवलेलं. भर उन्हाळ्यातही त्यांच्या शर्टाची घडी मोडायची नाही. माणूस वाईट नव्हता, पण जुन्या साहेबांच्या मर्जीतला. निवडणूक आली की त्यांच्या माणसांना दिवसपाळी मिळायची, फिरायला गिरणीची गाडी मिळायची, आणि साहेब स्वतः खात्यात येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारून जायचे. मग जुने साहेब गेले, नवे आले, आणि बातमी फुटली की प्रत्येकीकडे चाराऐवजी सहा माग देणार. इस्त्रीभाऊ म्हणाले, “बघू, बोलू.” ताई म्हणाली, “बघण्यातच जन्म गेला यांचा,” आणि उभी राहिली.

पण त्याआधी ती नव्या साहेबांकडे गेली. मी सोबत होते. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, ती बसली नाही.

“एकच मागणं आहे साहेब. निवडणुकीत तुम्ही कुणाच्याच बाजूने उभं राहायचं नाही. गाडी नाही, पाळी नाही, कुणाचं नावसुद्धा घ्यायचं नाही.”

“तुमचंही नाही?”

“माझं तर मुळीच नाही.”

साहेब हसले. “दिला शब्द.”

आणि खरंच पाळला त्यांनी. सूचनाफलकावर कागद लागला की व्यवस्थापन कोणत्याही उमेदवाराच्या बाजूचं नाही. फलकाची मधोमध वाटणी करून अर्धा इस्त्रीभाऊंना, अर्धा ताईला दिला. समोरून ताई आली की साहेब मान वळवायचे, इस्त्रीभाऊ आले तरी वळवायचे. बायका म्हणायच्या, “दोघांवर सारखाच रुसलाय गं बाई.”

साहेबांची केबिन खात्याच्या टोकाला, चार पायऱ्या वर. खात्यावर नजर राहावी म्हणून तिला पुढून सगळी काच होती. दार लावलं की आत आमचा आवाज कमी यायचा आणि बाहेर त्यांचा मुळीच यायचा नाही. जुने साहेब आमच्यात मुरलेले होते, ते बोलताना खात्याकडे पाठ करायचे. नव्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात साहेब हिशेबनिसाशी बोलत बसले होते. हिशेबनिसाची पाठ आमच्याकडे, साहेबांचं तोंड आमच्याकडे. काचेसमोरच्या मागांवर जी बाई होती तिला आम्ही तारमास्तरीण म्हणायचो, कारण बातमी तिच्याकडून तारेसारखी सुटायची. पण त्या दिवशी तिची गरज पडली नाही. मी पाहिलं, माझ्या शेजारणीने पाहिलं, अर्ध्या खात्याने पाहिलं. साहेब म्हणत होते, “मी कुणाचं नाव घेणार नाही, तसा शब्द दिलाय. पण मनातलं विचाराल तर ती बाईच निवडून यावी. भांडेल कडाडून, पण एकदा हो म्हणाली की शब्द फिरवणार नाही.”

शेजारणीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच धाग्यात डोळे घातले.

सुट्टी होईपर्यंत बातमी सूतखात्यापासून गेटापर्यंत गेली होती. पण अर्धीच. साहेबांना तीच हवी, एवढी गेली. का हवी, ते कुणी बरोबर नेलं नाही. मी कँटीनमध्ये तारमास्तरणीला धरलं.

“पुढचंही सांग ना मावशी! भांडेल म्हणाले ते!”

“सांगते की. पण साहेबाला कडाडून भांडणारी हवी, हे कुणाला पटायचं गं? मलाच पटत नाही.”

“तू वाचलंस ना डोळ्यांनी?”

“वाचलं. पण तू बहीण तिची. तू बोललीस की लोक म्हणणार, घरचीच वकील.”

संध्याकाळी घरी मी ताईला म्हटलं, “उद्या गेटसभेत कुणीतरी विचारणारच. सांगून टाक, असं काही बोललेच नाहीत. काचेवर उजेड पडतो, चुकीचं वाचलं म्हणून सांग. आवाज तर कुणीच ऐकला नाही.”

ताई तांदूळ निवडत होती. “मी पण वाचलंय.”

“मग काय झालं? सहा मागांवर बायका मरतील त्याचं काय?”

“साहेबांनी कुणाचं नाव घेऊ नये, हे मीच मागितलं. त्यांनी घेतलं. आता घेतलंच नाही म्हणून मी सांगू?”

“तुझ्यासमोर कुठे घेतलं? स्वतःच्या केबिनमध्ये बसून बोलले बिचारे.”

“बिचारेच,” ती म्हणाली, आणि ताट घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी गेटापाशी गर्दी होती. इस्त्रीभाऊ स्टुलावर चढले आणि गोड आवाजात म्हणाले, “ताई, आमच्यावर साहेबांची गाडी वापरल्याचा ठपका. तुमच्यावर तर साहेबांचा जीवच जडलाय म्हणे. खरं का?”

लोक हसले. मी ताईकडे बघून ओठांनी म्हटलं, ‘नाही म्हण.’ तिने वाचलं. माझ्याकडे बघतच ती मोठ्याने म्हणाली, “हो. साहेब तसं बोलले. त्यांनी बोलायला नको होतं. त्यांना मी का हवी हेही ते बोलले, ते ज्यांनी वाचलंय त्यांनी स्वतः सांगावं. मी माझ्या तोंडाने माझी स्तुती करणार नाही.”

कुणीही सांगितलं नाही. मी पुढे झाले तर मागून कुणीतरी म्हणालं, “आल्या वकिलीणबाई.”

ताई पडली. थोडीथोडकी नाही, सपाटून पडली.

त्यानंतरचं जे आहे, ते गिरणीत काम न केलेल्याला समजावणं कठीण आहे. तिला कुणी शिवी दिली नाही, कुणी डबा बाजूला ओढला नाही. फक्त बायकांनी तोंडं फिरवली. त्या आवाजात समोरचीचं तोंड दिसलं नाही तर माणूस विहिरीत पडल्यासारखाच. ताई तिच्या चार मागांमध्ये उभी असायची आणि चहूकडे नुसते अंबाडे. मी तीन रांगा पलीकडे. संधी मिळेल तेव्हा वळून बोलायचे, ‘जेवलीस?’ ‘भाजी काय आणू?’ असलंच काहीतरी. तेवढ्या वेळात माझा धागा तुटायचा आणि सुपरवायझर ओरडताना दिसायचा.

साहेबांना कुणीतरी उशिरा सांगितलं. एक दिवस ते खात्यात उतरले, सरळ ताईच्या मागापाशी आले आणि बोलू लागले. सगळं खातं बघत होतं. त्यांना आवाजाशिवाय बोलायची कला नव्हती, ओरडत असावेत, मान लाल झाली होती. ‘मला माफ करा,’ एवढं मी वाचलं. ताईने वर पाहिलंच नाही. ती धोट्यात सुताची नवी कांडी भरत राहिली. साहेब तसेच परत गेले. पुढच्या आठवड्यात केबिनच्या काचेला आतून हिरवा पडदा लागला.

मी घरी विचारलं, “बघितलं का नाहीस त्यांच्याकडे?”

“बघितलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. मग पुन्हा तेच. साहेबांची बाई.”

सहा माग आले. इस्त्रीभाऊंनी सहा मागांचा जास्तीचा भत्ता मिळवून दिला, हेही सांगायला हवं. गिरणी बंद होईपर्यंत तेच अध्यक्ष राहिले. साहेबांची दोन वर्षांत बदली झाली. निरोप समारंभाला ताई गेली नाही. पडदा तसाच राहिला, पुढच्या साहेबांना वाटायचं तो उन्हासाठी आहे. तो पडदा ज्याने लावला त्या फिटरशी माझं लग्न झालं. माणूस अबोल आणि मिशा अशा झुबकेदार की वरचा ओठ दिसायचा नाही, त्यामुळे संसार सुखाचा झाला. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तारमास्तरीण ठार बहिरी होऊन लेकीकडे गेली. जाण्यापूर्वी ताईच्या दारात आली होती, ‘चहा टाक’ एवढंच बोलली. ताईने टाकला.

ताई त्याच दोन खोल्यांत राहिली. शेवटी छातीच्या दुखण्याने तिला इस्पितळात काचेच्या खोलीत ठेवलं होतं, आत सोडत नव्हते. मी बाहेर उभी. तिने डोळे उघडले, मला बघितलं, नळीच्या बाजूने ओठ हलवले. ‘तेव्हा नाही म्हणायला हवं होतं का गं मी?’ इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘छे.’ मग म्हटलं, ‘पण मला वाटलं होतं तू म्हणावंस.’

‘दिसलं होतं मला,’ ती म्हणाली.

नर्स म्हणाली, “आजी, काचेतून ऐकू जात नाही हो त्यांना.” आणि पडदा ओढायला आत गेली. मी इतक्या जोरात काच वाजवली की सगळे वळून बघायला लागले.

तिच्या अंत्यविधीला इस्त्रीभाऊ आले होते. काठी टेकत, कडक शर्टात. माझ्याशी बरंच काही बोलले, पण तोंडात कवळी नव्हती, ओठ आत गेलेले, मला काही वाचता आलं नाही. मी मान हलवली.

आता मलाही ऐकू येत नाही, त्या मागांनी आम्हा सगळ्यांकडूनच ती वसुली केली. मुलगा चांगला आहे. जेवताना रोज माझ्याशी बोलतो. पण हातात फोन असतो आणि मान खाली असते, त्यामुळे काय म्हणतो ते दिसत नाही. मी म्हणते, “हो रे.”