धाबळीवरचे पांढरे केस

माझी धाबळी तपकिरी आणि जिलानीचं कुत्रं पांढरं, हेच सगळ्या भांडणाचं मूळ. कुत्रं तपकिरी असतं तर केस दिसले नसते, आणि जे दिसत नाही त्याचा विटाळ मी कधी फारसा मानलेला नाही.

निजामाचं राज्य अजून चालू होतं तेव्हाची गोष्ट. नांदेडहून गोदावरीपलीकडच्या एका देशमुखांच्या देवाची पूजा माझ्याकडे होती. खरं तर तिकडच्या काठावर आंघोळ करून सोवळं नेसता आलं असतं. पण मग मार्तंडभट सोवळ्यात निघालेत, हे गावानं बघावं कसं? म्हणून मी घरूनच लोकरीची धाबळी नेसून, कोणाला शिवू न देता घाटापर्यंत चालत जाई. पुढे जिलानीची नाव. टोकाची फळी माझ्यासाठी राखलेली असे आणि तिच्यावर माझ्याआधी त्याचा कुत्रा कापश्या पसरलेला असे.

बायको गेल्यापासून जिलानीला बोलायला हे कुत्रंच उरलं होतं. तो जेवायचा नावेत, झोपायचाही नावेत. नमाजाचे कपडे मात्र झाकणाच्या मडक्यात ठेवायचा, केस लागू नयेत म्हणून.

"महाराज, तुमचं सोवळं बी ठेवा की मडक्यात," तो एकदा म्हणाला. "तिकडं गेल्यावर नेसा. जागा हाय."

माझं सोवळं, आणि त्याच्या मडक्यात! मी तडक तहसिलीत कुत्र्याच्या तक्रारीची दरख्वास्त दिली. तिथले कारकून, पेशकार, 'नावेत कुत्रं ठेवू नये' एवढंच लिहून मोकळे होत होते. मीच शहाणपणा केला. म्हटलं, त्रास केसांचा आहे, हुकमात केस यायला हवेत. त्यांनी तसं लिहिलं : महिन्यानं पाहणी होईल, नावेत एक जरी केस सापडला तर कुत्रं घाटावरून हाकलावं.

हुकूम जिलानीला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे कापश्याला नदीत बुचकळायचा, लाकडी फणीनं विंचरायचा, निघालेले केस मुठीत गोळा करायचा आणि मग ओल्या गोणपाटानं सगळ्या फळ्या पुसायचा. म्हातारा कुत्र्यापुढे उकिडवा बसून "हल्लू, बेटा, हल्लू" म्हणताना दिसला की मी नजर दुसरीकडे वळवायचो, खोटं कशाला बोलू. पण दरख्वास्त मागे घ्यायची म्हणजे आपल्या हातानं नाक कापून घ्यायचं.

महिन्यानं पेशकार आले. मी ओणवा होऊन धाबळीचा सोगा फळीफळीवरून फिरवला. जिलानी काठावर कापश्याच्या गळ्यात हात टाकून उकिडवा बसला होता. केस सापडला नाही. पेशकारांनी 'नाव साफ आहे' असं लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून माझीच सही घेतली.

पावसाळा लागला. ती नाव दरवर्षी गळायची आणि टोकाला बसणाऱ्याचं बूड ओलं व्हायचं. यंदा थेंब नाही. दोन महिने मी कोरडा पोचत होतो. शेवटी एकदा नदीच्या मधोमध मला राहवलं नाही.

"मियाँ, यंदा नाव चांगली केलीस."

"फटी भरल्या न्हाई का," जिलानी म्हणाला. "काथ्या कुजून जातो. कापश्याचे केस राळंत कालवून ठासले. तुमच्या फळीला तर लई भरले, महाराज. तुमालाच ओल लागून राहिली होती."

मी ताडकन उठलो.

"बसा, नाव कलंडंल," तो म्हणाला. मग वल्हं मारता मारता म्हणाला, "धाबळी बी मेंढीच्या केसाचीच हाय न्हवं?"

मी बसलो. बोंब मारावी तर दोन महिन्यांच्या पूजा बाटल्या म्हणून मीच सांगायचं, आणि वर कागदावर सहीही माझीच. मला त्याचा राग यायला हवा होता. आली ती लाज.

दुसऱ्या दिवशी मी साधं धोतर नेसून घाटावर गेलो आणि धाबळीची घडी जिलानीच्या हातात दिली. त्यानं झाकण काढून ती मडक्यात, आपल्या नमाजाच्या कपड्यांवर ठेवली. पलीकडे मी गोदेत बुडी मारून सोवळं नेसलो.

"भर पावसात नदीचं स्नान," देशमुख हात जोडून म्हणाले. "अशी निष्ठा आता कुठं राहिली, भटजी?"

मी मान लववली.

परतताना टोकाच्या फळीवर कापश्या झोपला होता. त्याला उठवायचं जिवावर आलं. मी शेजारी बसलो. अंगावर सोवळं नव्हतं, तेव्हा हरकतही नव्हती.