वॉर्डात आई म्हणायचं नाही

प्रांजल नर्सिंग पास झाली तेव्हा गव्हाणला त्यांच्या आळीत पेढे वाटले गेले, आणि पेढ्यांची चव जिभेवरून जायच्या आत लोक विचारू लागले, "मग, कुठं लागली?"

ती कुठंच लागली नव्हती. कामोठे, खारघर, बेलापूर, जिथं म्हणून नव्या हॉस्पिटलची पाटी दिसली तिथं ती जाऊन आली. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव किती? नाही म्हटलं की समोरची बाई फाइल मिटून अलगद परत करायची. एका ठिकाणी तिच्याच वर्गातल्या रेवाला ठेवून घेतलं आणि हिला 'कळवतो' म्हणून सांगितलं. रेवाही कोरीच होती. पण ती फाडफाड इंग्रजी बोलली, आणि प्रांजलच्या तोंडून घाईत 'नाय' निघून गेलं होतं.

शेवटी आईच कामी आली. गुणाबाई पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलात मावशी होती. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तशी तिने बाजारातली बसायची जागा सोडली आणि फडकं हाती धरलं. पहिल्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात ती लादी पुसायची, बेडपॅन द्यायची, चादरी बदलायची. एका सकाळी तिने मेट्रन वसुंधराबाईंना जिन्यातच गाठलं आणि हात जोडले.

वसुंधराबाईंनी प्रांजलला सलाईन लावून दाखवायला सांगितलं. हात सफाईदार होता. "ठेवते," त्या म्हणाल्या. "काम बघू, मग कायम करू. पण एक सांगते. वॉर्डात आई म्हणायचं नाही. फरशी पुसणारीची मुलगी इंजेक्शन देते म्हटलं की पेशंट नाकं मुरडतात."

"नाही म्हणणार, मॅडम."

घरी जाताना रिक्षात गुणाबाईच्या पोटात आनंद मावत नव्हता. "मावशी म्हन बगू."

"आये, गप ना."

"म्हन गो. सवय नको व्हयाला?"

"मावशी," प्रांजल पुटपुटली. गुणाबाई एवढ्यानं हसली की रिक्षावाल्याने मान वळवून पाहिलं.

सवय झालीही. 'मावशी, पाच नंबरला बेडपॅन द्या,' असं प्रांजल म्हणायची आणि गुणाबाई 'हो सिस्टर' म्हणून वळायची. जेवायला दोघी वेगवेगळ्या बसायच्या. डबा मात्र एकाच चुलीवरचा असायचा.

पावसाळा सरता सरता एका दुपारी ते घडलं. खिडकीजवळच्या रमाबाईंना घरी सोडणार होते. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर नीता यांनी त्यांना शेवटचं इंजेक्शन दिलं आणि फोन वाजला म्हणून सुई तशीच चादरीवर टाकून त्या बाहेर गेल्या. रमाबाई खाटेवरून उठल्यावर गुणाबाई आली, तिने चादर गोळा करून कवटाळली, आणि "आई गं!" म्हणून हात झटकला. तळव्यातून रक्ताचा थेंब वर आला.

प्रांजल समोरच्या खाटेशी होती. ती धावली, आईचा हात नळाखाली धरून साबणाने धुतला. पुढचंही तिला पाठ होतं. डॉक्टरांना लगेच सांगायचं, रमाबाईंचं रक्त तपासायचं, औषध सुरू करायचं. तेवढ्यात वसुंधराबाई आल्या. मागून नीता सिस्टर आल्या, चेहरा पांढराफटक.

"मावशींनी हातमोजे घातले नव्हते का?" वसुंधराबाईंनी विचारलं. सगळा वॉर्ड ऐकत होता. रमाबाईंचे यजमान प्रभाकरराव बॅग हातात धरून उभे होते. "प्रांजल सिस्टर, तुम्ही इथेच होतात. घातले होते?"

मावश्यांना हातमोजे कधी मिळतच नसत. खोकी कपाटात कुलपाआड असत, आणि किल्ली वसुंधराबाईंच्या कमरेला. तिथल्या प्रत्येकीला हे ठाऊक होतं. सुई कुणी टाकली तेही ठाऊक होतं. प्रांजलने आईकडे पाहिलं. गुणाबाईने किंचित मान हलवली. बोलू नको.

"नव्हते घातले, मॅडम," प्रांजल म्हणाली.

खोटं त्यात काहीच नव्हतं.

"बघा! म्हणजे मावशींचाच निष्काळजीपणा," वसुंधराबाई प्रभाकररावांकडे वळून म्हणाल्या. मग गुणाबाईला म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात जाऊन या. आणि उद्यापासून येऊ नका. आम्हाला अशी जोखीम नको."

गुणाबाईने हात पदरात गुंडाळला आणि ती एकटीच जिना उतरून गेली. प्रांजलची ड्यूटी संपायला अजून वेळ होता. तिने त्या खाटेवर नवी चादर घातली.

संध्याकाळी ती घरी पोचली तर गुणाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी तिला दोनदा उलटी झाली होती. बाप धर्मराज न्हावा-शेवा बंदरातल्या कामावरून नुकताच आला होता. झाला प्रकार ऐकून तो तडकला.

"आन तू कुठं व्हतीस गो?" त्याने प्रांजलला विचारलं.

प्रांजलने तोंड उघडलं, पण तिच्या आधी गुणाबाई बोलली. "ती वरच्या मजल्यावर व्हती. तिला काय ठाव नाय."

प्रांजल उंबऱ्यातच उभी राहिली. आता तरी बोलावं असं तिला वाटलं. पण ती आत गेली आणि तिने गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

तपासण्या पुढे बरेच महिने चालल्या. त्यातून काही निघालं नाही. गुणाबाई पुन्हा पनवेलच्या बाजारात बसू लागली, करंजा बंदरातून येणारी मासळी विकत घेऊन विकायला. इकडे त्याच दिवाळीच्या आत वसुंधराबाईंनी प्रांजलला कायम केलं. "समजूतदार आहेस," त्या तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. घरात पुन्हा पेढे आले.

धर्मराज मात्र भेटेल त्याला ती गोष्ट सांगतो. मच्छीवाल्यांना, पाहुण्यांना, प्रांजलला बघायला आलेल्यांनाही. शेवटी दरवेळी एकच म्हणतो, "माजी पोर त्या टायमाला वार्डात पायजे व्हती. तिनं असा व्हऊ दिला नसता."

गुणाबाई तेव्हा मान खाली घालून कोलंबी सोलत असते. प्रांजल पाहुण्यांना पाणी देते.