मास्तरांची शाबासकी

“तुमचं ऐकेल तो, मास्तर. त्याचे अब्बा आगबोटीवर गेले ते परत आले न्हायत. ह्याला तरी थांबवा,” पडवीच्या पायरीवरूनच जैबुन्निसा म्हणाली.

दत्तात्रेय मास्तरांनी मान हलवली. समोर चटईवर तिचा एकुलता एक रफिक बसला होता. चौलच्या वाड्यांतून नारळ उतरवणाऱ्या ह्या तरण्याबांड गड्याला आगबोटीवर नोकरी हवी होती, म्हणून वर्षभर तो त्यांच्याकडे इंग्रजी शिकत होता. सगळं जमलं, पण मन वळवण्याची क्रियापदं काही केल्या जमेनात. समजावून एखादं काम करायला लावलं तर ‘टॉक’पुढे ‘इन्टू’, करण्यापासून परतवलं तर ‘आउट ऑफ’, आणि दोन्हींपुढे ‘गोइंग’, ‘टु गो’ नव्हे. मास्तरांनी किती घोकवून घेतलं होतं.

“रफिक, आईचा विचार कर. नारळ काय कमी आहेत इथं?”

“नारळ कमी न्हायत, मास्तर. झाडं दुसऱ्याची हायत.” मग आईला कळू नये म्हणून तो इंग्रजीत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, “नोबडी कॅन टॉक मी आउट ऑफ गोइंग.”

मला जाण्यापासून कुणीच परतवू शकणार नाही.

वाक्य बिनचूक होतं. मास्तरांचा चेहरा उजळला. “शाबास रे, शाबास,” म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढं जे बोलायचं होतं, ते त्या आनंदात राहूनच गेलं. रफिक लाजून हसला. जैबुन्निसानं पदरानं डोळे टिपले, मास्तरांना सलाम केला आणि झपाझप घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रेवदंड्याच्या बंदरावरून परतले, तर ती दारात उभी. हातात रुमालानं झाकलेलं मिठाईचं ताट.

“शिरनी हाय. नवस बोलले होते. काल तुम्ही शाबास म्हणालात, तवाच समजले, राहिला माझा लेक.”

मास्तरांचा हात पुढं होईना.

“जैबुन्निसाबी, तो गेला. पहाटेच्या मचव्यानं. मी पोचेपर्यंत शीड उभारलं होतं.”

“वाडीत जातो म्हणाला मला.”

“काल त्यानं सांगितलं होतं, जाणारच म्हणून.”

“मंग शाबास कशाला म्हणालात?”



मग तिनं रुमाल बाजूला केला. “फातिहा होऊन गेलाय. अल्लाच्या नावानं वाटायला काढलेलं परत घरात नेत न्हाय.”

त्यांच्या तळहातावर तिनं चिमूटभर शिरनी ठेवली, ताट पुन्हा नीट झाकलं, आणि शेजारच्या दारापुढं जाऊन कडी वाजवली.