जडचेतन पेटी

“माल मागाहून बघ, पद्मा. आधी रिकामा काटा बघ.”

वसमतच्या हळद बाजारात तीस वर्षं मापाड्याचं काम केलेल्या बापाचा हा आवाज पद्माबाईंच्या कानात केव्हाही उठायचा. दूध घेताना उठायचा, पोरीसाठी स्थळ बघताना उठला होता. पण त्या सकाळी मारुतीच्या पारासमोर तो उठला तेव्हा त्या स्वतःच चपापल्या. समोर ना काटा होता, ना हळद. होती ती माणसांची दाटी आणि दाटीच्या मधोमध, टेबलावर, शेंदराने माखलेली एक पेटी.

मोठा दुष्काळ सरून दुसरा श्रावण लागला होता. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरचं ते गाव जरा हसू-बोलू लागलं होतं. आज तर पलीकडच्या तांड्यावरून, शेजारच्या दोन गावांतून बैलगाड्या आल्या होत्या. बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, म्हातारे पुढे सरकून बसले होते. कारण गावात नादसिद्ध महाराज उतरले होते आणि ते मेलेला आवाज जिवंत करत होते.

“भक्तजन हो,” महाराज म्हणाले. गळ्यात रुद्राक्ष, मनगटाला सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. “यंत्राचा आवाज म्हणजे काय? प्रेत. गाणारा केव्हाच घरी जाऊन जेवला, झोपला. त्याचा आवाज पडला रेकॉर्डीला चिकटून. असा मेलेला आवाज भोंग्यातून तुम्ही कानात घेता. मग कान सडणार नाहीत तर काय होईल? हिमालयात चौदा वर्षं मी या पेटीवर नाद सिद्ध केला. जड आवाज आत जातो, चेतन होऊन बाहेर येतो.”

चौदा वर्षं हिमालयात काढूनही भोंगेवाल्या गुलाबसिंगच्या मशीनची कोणती वायर कुठे जाते हे महाराजांना बरोबर ठाऊक होतं. रेकॉर्ड वाजवणारा फोनो एका बाजूला, आवाज वाढवणारं मशीन दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये महाराजांनी आल्या आल्या आपली पेटी जोडली होती. पेटीला एकच बटण होतं. त्याच्या एका अंगाला ‘जड’ लिहिलेलं, दुसऱ्या अंगाला ‘चेतन’.

महाराजांनी बटण ‘जड’वर ठेवलं. भोंग्यातून अभंग आला, पण गोधडीखालून कुणी गावं तसा. मग त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि बटण ‘चेतन’वर सरकवलं. पेटीवरचा लाल दिवा लागला. टाळ खणखणले, आवाज मोकळा झाला, पाराच्या पिंपळावरचे कावळे उडाले. दाटीतून एक मोठा उसासा निघाला.

पुढच्या रांगेतला पखवाजवाला संतराम उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“मला ऐकू आलं,” तो म्हणाला. “डाव्या कानानं ऐकू आलं.”

संतराम म्हणजे पद्माबाईंचा नवरा. दोन वर्षांपासून त्याचा डावा कान वाहत होता आणि आता उजव्यातही गुणगुण सुरू झाली होती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, आणि गुरुवारची तारीख घालून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली होती. कानाच्या पडद्यामागचं हाड सडत आहे, चिरफाड आत्ता केली तर सडणं थांबेल आणि उजवा कानही वेळीच तपासून वाचवता येईल, असं त्यांनी दोनदा समजावून सांगितलं होतं. ज्या माणसाची बोटं पखवाजावर पडली की भजनी मंडळाला अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं, तो माणूस बहिरा होण्याच्या वाटेवर होता.

महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “एकवीस दिवस या पेटीचा नाद घे. पण कानात औषधाचा थेंब घालायचा नाही. औषध जड, नाद चेतन. दोन्ही एका म्यानात राहत नाहीत.”

एकवीस दिवस नाद घ्यायचा तर पेटी गावातच राहायला हवी, हे ओघाने आलंच. पेटीची दक्षिणा होती पाच पोती हळद. मंडळाने ती पोती फोनोची झिजलेली सुई बदलायला आणि दुसरा भोंगा आणायला बाजूला ठेवली होती. पण आता सुईचा विचार कोण करणार. उद्या दुपारच्या गाडीने महाराज जाणार होते, त्याआधी पोती द्यायची होती.

पद्माबाई हे सगळं बघत होत्या, पण बोलल्या काहीच नाहीत. श्रावणभर सूर्य माथ्यावर येईपर्यंत मौन, हे व्रत त्या एकोणीस वर्षं पाळत होत्या. गावालाही त्याची इतकी सवय होती की सकाळी त्यांच्या दारात येणारा माणूस आपणच प्रश्न करी आणि आपणच उत्तर देऊन परत जाई. बोलायचं नसलं की ऐकायला फार वेळ मिळतो. पद्माबाईंना त्या सकाळी एवढंच ऐकू आलं, की गावाने पेटीचा जड आवाज ऐकला आणि पेटीचाच चेतन आवाज ऐकला. पेटी नसताना मशीन कसं वाजतं ते कुणीच ऐकलं नव्हतं. रिकामा काटा कुणी बघितलाच नव्हता.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला.

“थेंब घातले का?”

“न्हाई घातले. महाराज न्हाई म्हणले.” संतरामने भाकरी मोडली. “तू काहून तोंड पाडून बसली? मला ऐकू येऊन राहिलं, ते तुला बरं वाटंना का?”

“तुमाला ऐकू आलं तर मी मारुतीला पाच नारळ फोडीन. पण बिनपेटीचं ऐकलं का तुमी?”

“बिनपेटीचं काहून ऐकू? बिनचाकाची गाडी कुणी बघायला जातं का?”

“गाडी घ्यायच्या आधी चाक हाय का ते तरी बघतेत.”

संतराम हसला. मग त्याचा हात थांबला. भाकरीचा तुकडा कालवणात तसाच राहिला. “पद्मे, त्या दवाखान्यात कानामागं भोक पाडतेत म्हणं. माझं काळीज पाणी होतं गं.”

पद्माबाईंना हे आधीच कळलं होतं. माणूस पेटीवर भाळला नव्हता, चाकूला भ्याला होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “उद्या सगळ्यांदेखत बिनपेटीचं ऐका. तुमाला जड वाटलं तर एकवीस दिवस मीच तुमाला पेटीपुढं बसवीन. पण तसंच चेतन वाटलं, तर गुरुवारची एसटी.”

“पखवाजाची शपथ.”

“शपथ नको. शब्द द्या.”

“दिला,” संतराम म्हणाला, आणि तो तुकडा त्याने उचलला.

जेवणं उरकल्यावर पद्माबाई गुलाबसिंगकडे गेल्या. गुलाबसिंग तांड्यावरचा. पंचक्रोशीतल्या लग्नांत भोंगा त्याचाच. रात्री मशीन राखायला तो पारासमोरच पथारी टाकून बसला होता.

“वयनी, मला बी खटकून राहिलं,” तो म्हणाला. “माझं मशीन एवढं मरगळलेलं कधीच वाजत न्हाई. पण पेटीला हात लावला तर हात वाळतो म्हणतो तो. मला पाच लेकरं हायेत.”

“हात माझा राहील, भाऊ. कोणती वायर काढून कुठं खोचायची, तेवढं दाखवा.”

त्याने दाखवलं. दोन वायरी, दोन भोकं. पोळी उलटण्यापेक्षा सोपं काम.

तिथून त्या मंडळाच्या प्रमुखाकडे, सोनाजींकडे गेल्या. सोनाजी म्हातारे, खवचट आणि व्यवहाराला पक्के. पद्माबाई इतकंच म्हणाल्या, “मामा, पोती द्यायच्या आधी पेटी तोलून घेऊ.” सोनाजींनी मिशी चोळली आणि म्हणाले, “मापाड्याची पोरगी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी कालच्या दुप्पट झाली. हळदीची पाच पोती पारावर ओळीने मांडली होती. सोनाजींनी परीक्षेची गोष्ट काढली तेव्हा महाराज मोठ्याने हसले. “सीतामाईनं परीक्षा दिली, आपण का नको? मी स्वतः पेटी चालवतो.”

“तुमचा हात म्हंजी चेतनच, महाराज,” सोनाजी हात जोडून म्हणाले. “तुमी हात लावला तर माझा बंद पडलेला रेडिओ बी बोलंल. पण पेटी राहणार आमच्याकडं. मंग आमच्या हातानं चालती का, ते नको का बघायला?”

“अश्रद्धाचा हात वाळेल.”

“म्हणून तर या बाईला निवडलं. या गावात हिच्याएवढे उपास कुणी केले न्हाईत.”

पद्माबाई मारुतीला नमस्कार करून पुढे आल्या. काखेत लग्नातला अंतरपाट होता. मालनबाई आणि चांगुणा या दोघी शेजारणींनी तो दोन टोकांनी ताणून टेबलासमोर धरला. मालनबाई म्हणाली, “नवरदेव कोण गं, मशीन का पेटी?” बाया हसल्या. गुलाबसिंगने महाराजांना अंतरपाटाच्या अलीकडे, लोकांमध्ये बसवलं. संतराम पाठ करून बसला.

“पयला,” सोनाजींनी पुकारलं.

अभंग वाजला. मोकळा, खणखणीत.

“चेतन,” सगळे म्हणाले. महाराजांनीही मान डोलवली. “बघा. बाईचा हात सात्त्विक आहे. पेटी जागी झाली.”

“दुसरा.”

आवाज गोधडीखाली गेला. “जड,” लोक म्हणाले.

“तिसरा.”

पुन्हा टाळ खणखणले. संतरामने मांडीवर ठेका धरला. “हे चेतन,” तो पाठमोराच म्हणाला. “पेटी चालू हाय. शंकाच नको.”

“सोडा पडदा,” सोनाजी म्हणाले.

अंतरपाट खाली आला. अभंग चालूच होता. फोनोची वायर सरळ मशीनमध्ये खोचलेली होती. आणि पेटी होती पद्माबाईंच्या कडेवर, तान्ह्या लेकरासारखी. तिच्या दोन्ही वायरी लुगड्यावर लोंबत होत्या.

मग मालनबाईला हसू फुटलं, आणि एका चुलीची ठिणगी दुसरीला लागावी तसं ते पारभर पसरलं.

“पयला पण असाच होता का गं?” सोनाजींनी विचारलं. पद्माबाईंनी मान हलवली. व्हय.

महाराज उठले. घाम पुसत म्हणाले, “अहोभाग्य. पेटीचं सगळं चैतन्य कालपासून तुमच्या मशीनमध्ये उतरलं आहे.”

“मंग काम झालं की,” सोनाजी म्हणाले. “पेटी तुमी घेऊन जावा, हळद आमी घेऊन जातो.”

गुलाबसिंगची भीड तोवर चेपली होती. पद्माबाईंचा हात वाळला नाही, हे त्याने नीट निरखून घेतलं आणि पेचकस काढला. शेंदराच्या थराखालचे चार स्क्रू निघाले. आत सरकी न काढलेला कापूस, एक बॅटरीचा सेल, लाल दिवा, आणि वायरींत डकवलेले शेंगदाण्याएवढे दोन तुकडे.

“हे बघा,” तो म्हणाला. “बटन जडावर असलं की आवाज या दोघांतून जातो. हा रेजिस्टन्स, तो अर्धा आवाज खातो. हा कंडेन्सर, तो टाळाची खणखण खातो. बटन चेतनवर केलं की आवाज या वायरीनं सरळ पल्याड, जसा आला तसा. दिवा लागतो तो सेलावर, नुसता शोभेला.”

“म्हंजी चेतनमधी पेटी काय करती?”

“काहीच न्हाई, मामा. आधी आवाज बिघडवती, मंग बिघडवायचं थांबती. आपण ते थांबणं ऐकलं अन् पाया पडलो.”

महाराज दुपारच्या गाडीसाठी थांबले नाहीत. सकाळच्याच गाडीमागे धावत गेले ते एका पायातली खडाव पारावर ठेवून. पेटी मालनबाईने मिसरीची डबी ठेवायला नेली.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा पद्माबाईंनी तुळशीला पाणी घातलं. बाया वाटच बघत होत्या. एकीने विचारलं, “पद्माबाई, तुमी एवढ्या देवाच्या, अन् महाराजाचं असं काहून केलं?”

“देवाची हाय म्हणूनच,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा मऊ होता. “बापानं कधी देवाच्या नावानं काटा मारू दिला न्हाई. मी काहून मारू देऊ? माझा देव बटनावर जागा होत न्हाई. अन् ज्याला खरं तोललेलं चालत न्हाई, तो देवाचा माणूस न्हाई.”

ही गोष्ट वाचणाऱ्या मायबहिणींनीही एवढंच करावं. कुणी म्हणेल ताईत बांधल्यावर ताप उतरला, तर विचारावं, ताईत न बांधलेल्यांचा उतरला नाही का. कुणी म्हणेल मी बाधा काढली, तर बघावं, बाधा आहे हे आधी सांगितलं कुणी. उपास करा, पोथी वाचा, दिवा लावा. मनाला बरं वाटतं. पण कानाचं दुखणं कानाच्या डॉक्टरला दाखवा आणि त्याने दिलेले थेंब वेळेवर घाला. विचारण्याने देव रागावत नाही. रागावतो तो दुसराच कुणीतरी.

संतराम मात्र पारावर एकटाच बसून राहिला होता. पद्माबाई शेजारी जाऊन बसल्या.

“मी खोटं न्हाई बोललो, पद्मे. मला खरंच ऐकू आलं होतं.”

“खोटं कुठं म्हणते मी. आवाज मोठा झाला की कुणालाही ऐकू येतं. आला तो उजव्या कानानं.”

मशीन अजून वाजत होतं. संतरामने उजव्या कानात बोट घातलं आणि भोंग्याकडे डावा कान करून बसला. पुष्कळ वेळ बसला. मग बोट काढलं आणि पद्माबाईंच्या हातातली थेंबांची बाटली मागून घेतली.

गुरुवारी दिवस उगवायच्या आधी पद्माबाई देवघरात वाती वळत होत्या. मागे माजघरात पावलं वाजली. संतरामने धुतलेलं धोतर नेसलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी त्याने बंडीच्या खिशात घातली, कानात कापसाचा बोळा बसवला, भाकरीचं फडकं काखेला मारलं. पद्माबाई उठू लागल्या तेव्हा त्याने हातानेच बस म्हटलं, पूजा होऊ दे, मी फाट्यावर थांबतो. वहाणा त्याने उंबऱ्याबाहेर नेऊन घातल्या, शेजारी जागे होऊ नयेत म्हणून दार अलगद ओढून घेतलं, आणि कालव्याच्या कडेकडेने तो एसटीच्या फाट्याकडे चालू लागला.