बत्तीखालची भिंत

"आणि संडासाचं काय?" माझ्या सासऱ्यांनी उभं राहून विचारलं, आणि शाळेचा अख्खा हॉल हसला.

मी लेकीला मांडीवर घट्ट धरून मान खाली घातली. टोकावरच्या नव्या हॉटेलच्या सुनावणीला निघताना मी त्यांना दोनदा बजावलं होतं, "बाबा, आपण नुसतं ऐकायचं हं." पण एकतीस वर्षं टोकावरच्या दीपगृहाची बत्ती सांभाळलेला माणूस, माझं ऐकतोय कशाला!

पडद्यावर कंपनीच्या आर्किटेक्टनं हॉटेलचं चित्र लावलं होतं. मनोरा जसाच्या तसा, भोवती सगळी काच, आणि पुढे समुद्राच्या बाजूला, आज जिथे जुना संडास उभा आहे, तिथे कॅफे.

"मनोरा हा वारसा, त्याला आम्ही हातही लावत नाही," तो गोड आवाजात म्हणाला. "आणि आजोबा, हॉटेलात खोलीगणिक संडास आहे."

पुन्हा हशा.

"तुमच्या संडासाशी मला काय करायचंय?" बाबा म्हणाले. "आमच्या संडासाच्या भिंतीला मी दरवर्षी चुना देतो, तो हौसेनं नाही. होडीतून बघा. वर मनोरा आणि बरोबर त्याच्याखाली ती पांढरी भिंत दिसली, की होडी खोल पाण्यात. भिंत जरा बाजूला सरकली, की खाली खडक."

"आता सगळ्यांकडे फोन असतात, आजोबा."

बाबांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. पंधरा-वीस होडीवाले बसले होते. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंसमोर, चारचौघांत, आम्ही संडास बघून घरी येतो असं कोण कबूल करणार? जो तो आपल्या चपलेकडे बघत होता. बाबा एकटेच उभे.

मला चार माणसांत बोलता येत नाही. कॉलेजात तोंडी परीक्षा म्हटलं की ताप भरायचा. पण माझा नवरा रोज त्याच वाटेनं येतो, आणि मी रोज चार वाजल्यापासून खिडकीत असते. होडी खडकांजवळ जरा रेंगाळली तरी मी फोन लावत सुटते.

लेकीला कडेवर घेऊन मी उठले.

"माझे मिस्टर होडीवर असतात," मी म्हणाले. "त्यांचा फोन डब्यात, डबा पिशवीत, पिशवीवर जाळं. मी वीसदा केला तरी उचलत नाहीत, हात ओले असतात. ते... तो संडास बघूनच येतात."

मागून एक म्हातारा खाकरला. "आम्ही पण येतो."

"माझा बापही तसाच यायचा," दुसरा म्हणाला.

"बायकोचं तोंड दिसायच्या आधी रोज तोच दिसतो!" तिसऱ्यानं भर घातली. हॉल परत हसला, पण आता बाबाही हसत होते. एकेक हात वर होऊ लागला.

अधिकारी बाईंनी पेन उघडलं. "काय लिहू? संडास?"

"पांढरी भिंत लिहा," बाबा म्हणाले.

"आणि मनोऱ्यामागचं तुमचं क्वार्टर? तेही जुनंच आहे ना, राखायचं लिहू?"

माझा नवरा त्या क्वार्टरमध्ये जन्मला. सासूबाई तिथेच गेल्या. मला वाटलं, आता तरी हे काही मागतील.

"घरावरून कोणी वाट काढत नाही," बाबा म्हणाले. "तुम्ही भिंतीचं लिहा."

दोन महिन्यांनी आदेश आला. मनोरा, भिंत आणि त्यांच्यापुढचं सगळं टोक मोकळंच राहणार. हॉटेल मागे, रस्त्याच्या अंगाला, दुमजलीच. क्वार्टर नेमकं त्या जागेत येत होतं.

पाडायच्या दिवशी बाबा सकाळीच घरातून गायब. नाही नाही ते मनात आलं. लेकीला उचलून मी धावत टोकावर गेले. क्वार्टरचं दार सताड उघडं. दोन्ही खोल्या कधीच्याच रिकाम्या, आणि बाबा वाकून केरसुणीनं कोपरे झाडत होते.

"अहो बाबा, तासाभरात पाडणार आहेत हे!"

"म्हणूनच," ते मान वर न करता म्हणाले. "परकी माणसं येणार घरात. बरं दिसतं का?"

मी लेकीला दारापासून लांब, खोलीच्या भिंतीशी बसवलं आणि सुपली धरली. त्यांनी केर हलकेच सुपलीत लोटला आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळले.